क्रियापदे कोणी खाल्ली?

मुलांचे शब्दभांडार वाढवायचे म्हटले, की आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या आईबापांना प्रथम दुकान आठवते. भिंतीवर टांगायचा रंगीत तक्ता, चित्रांच्या पत्त्यांचा जोड, बोट दाबले की फळाचे इंग्रजी नाव उच्चारणारे पुस्तक. आणि एवढ्यानेही समाधान झाले नाही, तर रोज सकाळी मोबाईलवर एक नवा शब्द पाठवणारी सोय. वस्तू विकत आणली, भिंतीला लावली, की कर्तव्य संपले! आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत ज्या ज्या गावी माझे जाणे होते, तेथे चार पैसे राखून असलेल्या घरात हा तक्ता मला हटकून भेटतो. त्यावर सफरचंद असते, बदक असते, झेब्रा असतो. आमच्या धुऱ्यावरची बोर नसते आणि जंगलातली टेंभुर्णी नसते, ही तक्रार मी तूर्त बाजूला ठेवते. तक्ता छापणाऱ्याने उद्या बोर आणि टेंभुर्णी छापली, तरी माझे त्याच्याशी असलेले भांडण मिटणार नाही.

भांडण असे आहे. तक्त्यावर नामे तेवढी मावतात. क्रियापदे मावत नाहीत. कैरीचे चित्र काढता येते; पण सोलणे, चिरणे, फोडणे, किसणे, ठेचणे, वाटणे यांतला भेद चित्रात उतरत नाही. तो हाताला कळतो, आणि हात चालत असताना जवळ बसलेल्या माणसाच्या तोंडून कानाला कळतो. मी मॅट्रिक झालेली बाई. कादंबऱ्या लिहिते आणि लहान वर्गांना शिकवते. या दोन्ही धंद्यांत मला एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसून आली आहे, की नामे कोठूनही उसनी मिळतात, क्रियापदे मात्र घरचीच लागतात.

वर्गात मी कधीकधी सहज विचारते, “आज सकाळी घरी कोणी काय काय केले, सांगा पाहू.” उत्तरे भराभर येतात. आईने भाजी कट केली. ताईने भांडी क्लीन केली. बाबांनी गाडी वॉश केली. आजीने मिरच्या ड्राय केल्या. ही मुले इंग्रजी शाळेतली नव्हेत, बरे का! मराठी शाळेत मराठी पुस्तकावरून मराठी शिकणारी ही मुले आहेत. ‘कट’ आणि ‘वॉश’ या शब्दांनी मराठीत पाऊल टाकले, याचे मला मोठेसे दुःख नाही. बस आली, टेबल आले, स्टेशन आले, आणि मराठी काही त्यामुळे बाटली नाही. दुःख त्या शब्दांच्या पाठीमागून येणाऱ्या ‘करणे’चे आहे. हे ‘करणे’ मोठे खादाड आहे. त्याने चिरणे खाल्ले, घासणे खाल्ले, विसळणे खाल्ले, खळबळणे खाल्ले, वाळवणे खाल्ले; आणि इतके खाऊनही त्याचे पोट भरलेले दिसत नाही.

नाम गेले तर एखादा सावरकर ते घडवून देतो. ‘दिनांक’ त्यांनी दिला, ‘महापौर’ त्यांनी दिला, आणि आज आपण ते शब्द विचारही न करता वापरतो. क्रियापद मात्र टाकसाळीत पाडून मिळत नाही. शंभर विद्वानांची समिती नेमली, तरी ‘निथळणे’ हा एक शब्द तिला नव्याने निर्माण करता येणार नाही. तो ओल्या वस्त्रातून, ओल्या केसांतून, धुऊन पालथ्या घातलेल्या भांड्यातून आलेला आहे.

आमच्या कापूस-तुरीच्या मुलुखात तर ही श्रीमंती विचारूच नये. वावर नांगरतात, वखरतात. पीक डवरतात, निंदतात. कापूस वेचतात, सोयाबीन सोंगतात, पऱ्हाटी उपटतात, भाजी खुडतात, चिंचा झोडपतात. प्रत्येक कामाला वेगळा वाक हवा, वेगळे हत्यार हवे, म्हणून प्रत्येकाला वेगळा शब्द. आमचा विद्यार्थी आता या सर्वांसाठी एकच शब्द वापरतो, ‘काढणे’. कापूस काढला, सोयाबीन काढले, विहिरीचे पाणी काढले, आणि शेवटी या सगळ्याचा फोटोही काढला!

ज्याचे कामच गेले, त्या शब्दासाठी मी गळा काढणार नाही. ज्वारीचा पेरा घटला, खळी गेली, यंत्र आले. मग उफणणे हा शब्द मुलाच्या जिभेवर राहिला नाही, तर त्यात मुलाचा दोष नाही आणि मायबापांचाही नाही. पण भाजी चिरायची तर अजून बंद झाली नाही ना? भांडी अजून विसळावीच लागतात, कपडे पिळावेच लागतात. काम घरात रोज घडते आहे आणि त्याचे नाव मात्र घरातून नाहीसे होते आहे, हा प्रकार निराळा आहे. आणि त्याची जबाबदारी झटकायला आपल्याला जागा नाही.

“त्यात एवढे बिघडले काय? काम झाल्याशी मतलब!” असे म्हणणारे गृहस्थ मला पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पडवीत तासभर बसून पाहावे. डॉक्टर विचारतात, “पोटात काय होते, बाळ?” मूल म्हणते, “दुखते.” आता पोटात मुरडा येतो, कळ येते, जळजळते, गुरगुरते, का नुसतेच डब्ब होते? डोके ठणकते का भणभणते? डोळा खुपतो का चुरचुरतो? डॉक्टरला हवे असते ते नेमके या शब्दांत असते, आणि मुलाजवळ एकच शब्द असतो. मनाच्या दुखण्याचे तर विचारूच नका. मूल पूर्वी रुसत असे, फुगत असे, हिरमुसत असे, कावत असे, कुढत असे. आता त्याला ‘टेन्शन येते’. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्याचे नाव कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत येत राहिले. कर्ज, पाऊस, बोंडअळी आणि कापसाचा भाव ही त्यांची कारणे. त्यांत शब्दांचा काही संबंध आहे असे म्हणण्याचा अगोचरपणा मी करणार नाही. परंतु अशा घरातले लेकरू जेव्हा वर्गात शेवटच्या बाकावर बसून राहते आणि काय होते म्हणून विचारले असता ‘टेन्शन’ एवढेच म्हणते, तेव्हा रुसणे निराळे आणि कुढणे निराळे हे त्याला सांगता यायला हवे होते, असे मला फार तीव्रतेने वाटते. रुसलेल्या मुलाला समजावता येते. कुढणाऱ्यापाशी जाऊन बसावे लागते.

मग पुस्तकातल्या ‘शब्दसंपत्ती’च्या स्वाध्यायाने हे होत नाही काय? नाही होत. पाण्याला जल, नीर, उदक हे मुलांना तोंडपाठ असते. मात्र ओल, ओघळ, पाझर, डबके यांतले काय कोठे असते हे विचारा; परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेणारा मुलगा खिडकीबाहेर पाहू लागतो. एकाच वस्तूची चार नावे म्हणजे श्रीमंती, आणि चार वस्तूंना चार नावे असणे म्हणजे खेडवळपणा, असा काही विलक्षण हिशेब आपण मांडून ठेवला आहे.

शाळेकडून हे होणार नाही, दुकानाकडून तर नाहीच. हे घरीच व्हायला पाहिजे, आणि रोज व्हायला पाहिजे. त्यासाठी नवे काही शोधायला नको. आमच्या विदर्भातल्या मुलींनी ही शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत भुलाबाई बसते. भुलोजी-भुलाबाईची मातीची जोडी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर, हातांत टिपऱ्या, आणि या घरून त्या घरी गाणी. गाणी आटोपली की घरची बाई झाकलेला डबा घेऊन मध्ये बसते आणि म्हणते, “ओळखा!” त्यापुढे जे चालते, तो माझ्या मते मराठी भाषेचा सर्वांत उत्तम तास आहे. डबा कानापाशी वाजवला जातो. गोड का तिखट? तळले का भाजले? उकडले का वाफवले? थापले, लाटले, का वळले? एक मुलगी हरते, दुसरी डोके खाजवते, तिसरी धीटपणे काहीतरी भलतेच नाव ठोकून देते आणि सगळ्या हसतात. उद्या आपल्या घरचा खाऊ कोणाला ओळखू येता कामा नये, म्हणून दुसऱ्या घरची बाई अडगळीतला एखादा पदार्थ मुद्दाम आठवून काढते. महिनाभर, रोज, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात! पश्चिमेकडे हादग्याला आणि भोंडल्याला खिरापत ओळखायची रीत आहे, ती हीच. आणि मुलग्यांची शाळा पोळ्याच्या तोरणाखाली भरत असे. तेथे झडत्या म्हणण्याची अशी चढाओढ लागे, की बैलांनाही कंटाळा यावा.

आता भुलाबाई बहुतेक ठिकाणी कोजागिरीच्या एका रात्रीवर येऊन ठेपली आहे. खाऊही दुकानचा असतो. तो ओळखायचा काय? पाकिटावर नाव छापलेलेच असते!

माझे म्हणणे असे, की ही शाळा प्रत्येक घराने वर्षभर चालवावी. रात्रीचे जेवण झाले की पाव तास. एका टोपलीखाली घरातली एखादी वस्तू झाकायची. झाकणारे माणूस रोज निराळे, आज आजी, उद्या धाकटे शेंडेफळ. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि झाकणाऱ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणायचे. वस्तू ओळखली म्हणजे खेळ संपला असे नाही; खरा खेळ तेथून सुरू होतो. त्या वस्तूने काय काय होते, ते प्रत्येकाने एकेका शब्दात सांगायचे आणि हातांनी ते दाखवायचे. ‘करणे’ आणि ‘काढणे’ या दोघांना त्या पाव तासात घरात बंदी. टोपलीखाली दोरी निघाली, तर वळणे, पिळणे, ताणणे, आवळणे, गुंडाळणे, उकलणे. सूप निघाले, तर पाखडणे, घोळणे, निवडणे. मूठभर सरकीचा कापूस निघाला, तर मग बापाने पुढे सरकावे, कारण पात्यापासून बोंडापर्यंत आणि वेचणीपासून फरदडीपर्यंत जे काही आहे ते त्याच्या हातांतून गेलेले आहे. बापाने या खेळात बसलेच पाहिजे, यावर माझा कटाक्ष आहे. शब्द शिकवणे हे बायकांचे काम आणि बातम्या ऐकणे हे पुरुषांचे, ही वाटणी मला मान्य नाही. अवजारांची निम्मी क्रियापदे पुरुषांच्या तोंडी आहेत, आणि ते तोंड मिटून मोबाईलकडे पाहत बसले, तर ती त्यांच्याबरोबर जातील.

नवा शब्द निघाला की तो वहीत उतरवावा. आजीला लिहिता येत नसेल तर फारच उत्तम. मग लिहिणे नातवाकडे येते आणि आजी शिक्षिका होते. गुण नकोत, बक्षीस नको, पाठांतर तर मुळीच नको.

एक धोका मात्र सांगून ठेवते. वहीत ‘वावर’ येईल, ‘धुरा’ येईल, ‘कोठा’ येईल, ‘गंज’ येईल. लगेच घरातले एखादे सुशिक्षित माणूस म्हणेल, “असे नाही म्हणायचे बाळ, शेत म्हणावे, बांध म्हणावा, गोठा म्हणावा, पातेले म्हणावे.” माझ्या शेजारच्या एका मुलाच्या वहीत (शाळा दुसरी, नाव सांगत नाही) पोळ्यावरच्या निबंधात ‘वावर’, ‘निंदण’ आणि ‘धुरा’ या तीन शब्दांवर लाल शाईच्या फुल्या मी स्वतः पाहिल्या. फुल्या मारणारे गुरुजी याच जिल्ह्याचे. घरी ते हेच शब्द बोलत असणार! पुण्याच्या दात्यांनी आणि कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या वर्षांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले, त्यांत वऱ्हाडी शब्दांपुढे ‘व.’ अशी खूण घालून त्यांना मानाने जागा दिली. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली ती वऱ्हाडी बोलीतले संवाद घेऊन, आणि आज तिच्यावाचून मराठी कादंबरीचा इतिहास लिहिता येत नाही. म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले ते आमच्या वऱ्हाडातल्या रिद्धपुरास. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या पुराव्यांचा आपण अभिमानाने उच्चार केला आणि पेढे वाटले. मग अभिजात भाषेच्या माहेरी ‘वावर’ अशुद्ध कसे? ‘शेत’ही मुलाने शिकावे, जरूर शिकावे. एकाच्या जागी दोन शब्द येऊ द्यावेत. घरचा मारून परका बसवायचा, याला शब्दभांडार वाढवणे म्हणत नाहीत.

तांड्यावरच्या आणि पोडावरच्या मुलांच्या बाबतीत हा लाल शाईचा व्यवहार क्रूरपणाचा होतो. पुसद-दिग्रसकडचे बंजारा मूल आईला ‘याडी’ म्हणते. झरी, मारेगाव, केळापूर तालुक्यांतले कोलाम मूल घरी जी भाषा बोलते, ती मराठीच्या कुळातली नव्हेच. ती तेलुगू-गोंडीच्या कुळातली. एमेनो नावाच्या पंडिताने १९५५ साली या कोलामीवर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. सातासमुद्रांपलीकडच्या माणसाला ज्या भाषेत ग्रंथभर सांगण्याजोगे सापडले, ती बोलणारे मूल आमच्या पहिलीच्या वर्गात येते आणि आपण त्याला ‘मुका’ म्हणून मोकळे होतो. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला शाळाच मुलांच्या अंगणात नेऊन बसवली. आपल्याला तेवढे तप झेपणारे नाही. पण “तुझ्या घरी याला काय म्हणतात रे?” एवढा प्रश्न तरी झेपावा. मी तो विचारते. उत्तर देताना त्या मुलाची मान वर होते, आणि मग मराठी शब्दही ते मूल आपण होऊन मागून घेते.

येथे कोणी विद्वान मला अमेरिकेतल्या संशोधनाचा दाखला देईल, तेव्हा तो मीच देऊन टाकते. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले या दोघांनी कान्सास येथे ४२ कुटुंबांत जाऊन शब्द मोजले आणि १९९५ साली निष्कर्ष काढला, की गरिबाच्या मुलाच्या कानांवर पहिल्या तीन-चार वर्षांत श्रीमंताच्या मुलापेक्षा सुमारे ३ कोटी शब्द कमी पडतात. हा आकडा जगभर गाजला. गरिबाच्या घरी शब्दांचाही दुष्काळ, असे सगळ्यांनी मानून टाकले. परंतु त्या ४२ कुटुंबांत अगदी गरीब म्हणावी अशी कुटुंबे होती अवघी सहा! पुढे स्पेरी दांपत्य आणि पेगी मिलर यांनी निराळ्या वस्त्यांतली मोजणी तपासली, तेव्हा सगळ्या गरीब वस्त्यांतून ती तूट दिसेना. आणि मुलाशी थेट बोललेले शब्दच नव्हे, तर मुलाभोवती आजी, मावशी, शेजारीण जे बोलतात तेही धरले, तेव्हा हिशेब पुष्कळच बदलला. आमच्या ओट्यावर बसलेल्या कोणत्याही म्हातारीने हे विनामूल्य सांगितले असते.

म्हणून, “मजुरीला जाणाऱ्या बाईने तुमचा हा पाव तास कोठून आणावा?” असे जे विचारतात, त्यांना माझे उत्तर असे आहे, की तिला मी काही सांगायला आलेलीच नाही. दिवसभर वाकून कापूस वेचून आलेली बाई चुलीपुढे बसल्या बसल्या लेकीला म्हणते, “जरा जाळ सार, आधण उतू जाईल, वाफ धरू दे, मग निखारा ओढ.” एका दमात चार क्रियापदे! तिच्या लेकीला टोपलीची गरज नाही. तिच्या लेकीला गरज आहे ती एवढीच, की हे धन घेऊन ती शाळेत आली असता आम्ही मास्तर-बायांनी ते लाल शाईत बुडवू नये. पाव तासाचा उपदेश तुम्हाआम्हाला आहे, पगारदारांना आणि दुकानदारांना, ज्यांच्या घरी गॅस आहे, मिक्सर आहे, वेळ आहे आणि बोलणे तेवढे नाही.

इंग्रजीचा मुद्दा राहिला. मुलांनी इंग्रजी शिकावे. माझ्या वर्गातली मुले शिकतात आणि मला त्याचा आनंद आहे. पण ज्याला चिरणे आणि ठेचणे यांत फरक दिसतो, तोच मुलगा इंग्रजीतही त्या दोन क्रियांना दोन शब्द मागतो. ज्याच्याजवळ मुळात ‘कट करणे’ एवढेच आहे, तो इंग्रजीतही ‘कट’पाशीच थांबतो. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. धोरणे येतात, परिपत्रके निघतात, मागेही घेतली जातात. त्यांची वाट पाहायची कोणी?

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचे डबे भरलेले असतील. आज रात्रीच त्यांतला एक टोपलीखाली ठेवून पाहा. लाडू वळतात, चकली पाडतात, अनारसा थापतात, शंकरपाळे कातरतात, करंजीला मुरड घालतात. आणि पाकाची तार कशी पाहतात, ते आजीकडून बोटांनी दाखवून घ्या. फराळ दुकानचा असेल तर जो करून पाठवतो त्या आचाऱ्याला विचारायला मुलांना धाडा. त्याला राग येणार नाही. आणि ज्यांना माझे म्हणणे पटले नसेल, त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर मला खुशाल खरमरीत पत्र लिहावे. मात्र सबंध पत्रात ‘करणे’ एकदाही येता कामा नये.